मालमोटारीचा मागचा आंस

सोलापुराहून तुळजापुरास जावयास निघालें म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरांच्या त्या वाटेवर साधारण मध्यावर तामलवाडी हें गांव लागतें. कोजागरीच्या सुमारास आई तुळजाभवानीच्या दर्शनास पायीं निघालेल्या भाविकांची रीघ या वाटेवर रात्रभर चाललेली असते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र ही वाट मुख्यतः मालमोटारींची असते. पूर्वीं ती २११ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखली जाई. आतां ती ५२ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे, चौपदरी झाली आहे, आणि तामलवाडीस टोलनाका आहे. सोलापुराकडून आलेली भरलेली गाडी नाक्यावर मंदावते, पुन्हां जोर घेते, आणि पुढें तुळजापूरच्या घाटास भिडते. त्या वेळीं गाडीच्या पोटाखालचा जो भाग सर्वांत अधिक ताण सोसतो, त्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

हा भाग म्हणजे मालमोटारीचा मागचा आंस. त्याच्या लोखंडी कोशास रस्त्यावरचे लोक हौसिंग म्हणतात, आंतल्या दंतचक्रांच्या संचास डिफरन्शियल म्हणतात, व दोन्ही बाजूंनीं चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांस एक्सल म्हणतात. मीही तेच शब्द वापरीन. ज्यांचा गाडीशीं भाडें देण्यापलीकडे कधीं संबंध आला नाहीं, अशा श्रोत्यांसाठीं प्रथम त्याचें काम थोडक्यांत सांगतों.

बैलगाडीचा आंस स्थिर असतो. चाकें त्यावर आपापलीं फिरतात आणि ओढण्याचें बळ पुढें बैलांच्या खांद्यावर असतें. मालमोटारींत हें बळ चाकांतच आणून सोडावें लागतें. इंजिनाची गति एका लांब दांड्यावाटे गाडीच्या लांबीनें मागें येते. तेथें तिला काटकोनांत वळवावें लागतें आणि मंदही करावें लागतें, कारण गति कमी झाली म्हणजेच जोर वाढतो. हीं दोन्ही कामें पिनियन व क्राउन हीं दोन दंतचक्रें करतात. पिनियन लहान व क्राउन थाळीसारखा मोठा. पिनियनास ६ व क्राउनास ४१ दांत असले, तर पिनियनाचे पावणेसातांहून किंचित् अधिक फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो.

तिसरें काम याहून सूक्ष्म आहे. खळ्यावर मळणी चाललेली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तें लगेच उमगेल. तिवड्याभोंवतीं बैलांची पात फिरते, तेव्हां तिवड्याजवळचा बैल थोडें चालतो आणि कडेचा बैल पुष्कळ चालतो; तरी दोघेही एकाच पातींत असतात. गाडी वळणावर आली म्हणजे तिच्या मागच्या चाकांची हीच स्थिति होते. बाहेरच्या चाकास अधिक वाट चालावयाची असते. दोन्ही चाकें एकाच दांड्यास घट्ट जखडलीं असतीं तर एकाला रस्त्यावर फरफटत जावें लागलें असतें. म्हणून क्राउनाच्या पोटांत चार लहान दंतचक्रें एका क्रॉसवर बसवून दोन्ही एक्सलांत जोराची वांटणी करतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिरानें वाफेच्या गाडीसाठीं ही योजना केली. आजच्या मालमोटारींतही मूळ कल्पना तीच आहे.

या कल्पनेचा आपल्या भागाशीं संबंध फार जुना नाहीं, पण अगदीं परकाही नाहीं. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा कारखाना स्थापन केला, तेव्हां तामलवाडीचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तें राज्य १९४८ सालीं भारतांत विलीन झालें. १९५४ सालीं जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यांत जर्मन सहकार्यानें मालमोटारी तयार होऊं लागल्या. गाड्या आल्या, तशा त्यांच्या वाटेवर दुरुस्तीच्या शेडीही उभ्या राहिल्या. परंतु गाडीबरोबर येणारें माहितीचें पुस्तक परक्या भाषेंत असे, आणि शेडींतील विद्या एका हातानें दुसऱ्या हातास दिलेली असे. त्या हातांनीं मला जें दिलें, त्यांतील मुख्य भाग आज आपल्यापुढें ठेवतों.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, यंत्र उकलणें सोपें आणि जोडणें अवघड. उकलावयाचें काम म्हणून तें पोरांवर सोंपवितात, आणि मिस्त्री जोडणीच्या वेळीं येऊन बसतो. माझा अनुभव असा आहे कीं जोडणी बिघडते ती बहुधा उकलतांनाच. कोणता भाग कोणत्या बाजूचा, कोणाचा जोडीदार कोण, किती चकत्या, किती आटे, हें सारें ज्ञान यंत्राच्या अंगावर असतें. पाना चालला कीं तें पुसलें जाऊं लागतें. तें पुसलें जाण्यापूर्वीं टिपून घेणें हेंच उकलण्याचें खरें काम होय.

म्हणून आंसाला हात लावण्यापूर्वीं गाडी चालवून ऐकावी. गाडी जोर लावून ओढीत असतां एकसुरी रडका आवाज येतो आणि पाय उचलतांच थांबतो, तर क्राउन व पिनियन यांच्या ओढत्या बाजूच्या दांतांकडे पाहावें. पाय उचलल्यावरच तो येत असेल तर दांतांच्या दुसऱ्या बाजूकडे आणि पिनियनाच्या बेअरिंगांकडे पाहावें. केवळ वळणावर आवाज येत असेल तर क्रॉसवरचीं लहान चक्रें किंवा त्यांचे वॉशर झिजले असावेत. ओझें असो वा नसो, वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगाची असते. क्लच सोडतांच धप्प असा ठोका बसतो तेव्हां कोठेंतरी मोकळीक वाढलेली असते. ती आंसांतच असेल असें नाहीं, लांब दांड्याच्या क्रॉसांतही असूं शकेल. हें सर्व वहींत लिहून ठेवावें, कारण एकदां आंस उकलला म्हणजे तो आवाज पुन्हां ऐकावयास मिळत नाहीं.

नंतर गाडी रिकामी करून सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. पुढच्या चाकांस दोन्ही बाजूंनीं अडसर लावावे. मागचा भाग जॅकनें उचलावा, पण उचलून होतांच तो घोड्यांवर टेकवावा. जॅक उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. आपल्या काळ्या मातींत जॅकखालीं लांकडाचा रुंद गुटका न घेतां काम करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. हवेच्या ब्रेकांच्या गाडींत आणखी एक सावधगिरी लागते. तेथें हातब्रेक एका जबरदस्त स्प्रिंगेनें लागतो. ती स्प्रिंग तिच्या बोल्टानें आवळून बांधल्यावांचून मागच्या ब्रेकांस हात लावूं नये, आणि तिचा डबा तर शेडींत कधींच उघडूं नये.

तेल सोडावें तें गाडी नुकतीच चालून आल्यावर, कोमट असतांना. म्हणजे तळचा गाळही त्याबरोबर येतो. हें तेल फेंकण्यापूर्वीं वाचावयाचें असतें. खालच्या बुचास लोहचुंबक असतो. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती वयाची झीज आहे. त्यांत चमकत्या कपच्या असतील तर कोणाचा तरी दांत किंवा बेअरिंगाचा पृष्ठभाग फुटूं लागला आहे. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. बोटांत घेऊन चोळून पाहिलें म्हणजे आंसाची अर्धी प्रकृति कळते.

जड मालमोटारीची एक सोय अशी कीं, गाडीचें ओझें हौसिंगावर व हबांतील बेअरिंगांवर असतें. एक्सलांकडे केवळ फिरविण्याचें काम असतें. म्हणून चाक न काढतांही एक्सल बाहेर ओढतां येतो. त्याच्या तबकडीवरील नट काढले तरी तो बहुधा सुटत नाहीं, कारण खुंट्यांभोंवतीं निमुळत्या बांगड्या घट्ट बसलेल्या असतात. येथें घाईचा मनुष्य छिन्नी घेतो, ती सांध्यांत ठोकतो आणि तबकडीचा माथा कायमचा बिघडवितो. पुढें तेथूनच तेल पाझरतें. त्याऐवजीं तबकडीच्या मध्यावर पितळी हातोड्याचे भारी ठोके द्यावे. बांगड्या उसळून सुटतात. एक्सल बाहेर आला कीं त्यावर डावा अथवा उजवा अशी खूण करावी, आणि त्याच्या टोंकाचे खांचे उजेडांत पाहावे. सरळ असावयाच्या रेषा पिळलेल्या दिसल्या, तर त्या दांड्यानें आपल्या शक्तीबाहेरचें ओझें केव्हां तरी ओढलें आहे असें समजावें.

ओझ्याचा विषय निघाला म्हणून सांगतों. २०१८ सालीं केंद्र सरकारनें आंसावरील भाराची मर्यादा वाढविली; चार टायरांच्या एका आंसास पूर्वीं १०.२ टन मोकळीक होती, ती ११.५ टन झाली. पण जुन्या गाडीच्या क्राउनास सरकारी राजपत्र वाचतां येत नाहीं. तो ज्या भारासाठीं घडविला गेला, तेवढाच त्याला ठाऊक असतो.

एक्सल निघाले, लांब दांडा सुटला. मात्र सोडण्यापूर्वीं त्याच्या दोन्ही तबकड्यांवर समोरासमोर खूण केलेली असावी. आतां दंतचक्रांचा सगळा संच हौसिंगांतून बाहेर काढावयाचा. हा संच शंभर किलोंहून जड असूं शकतो. त्याचे सारे नट काढावे, पण वरचे दोन चार आट्यांवर ठेवावे. संच सैल होऊन पुढें येतो तेव्हां तेच दोन नट त्यास धरून ठेवतात. त्याखालीं जॅक अगर वरून सांखळीची कप्पी घेतल्यावरच ते काढावे. हे दोन नट आधीं काढल्यामुळें पाय चिरडून घेतलेला मनुष्य मीं पाहिला आहे.

संच बांकावर आला. येथें बहुतेकांचा हात पान्याकडे जातो. तो आवरून आधीं मोजावें. पिनियन धरून क्राउन हलवावा आणि दांतांमधील मोकळीक डायल गेजनें पाहावी. ती बहुधा मिलिमीटरच्या चतुर्थांशाच्या आसपास असते. नेमका आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकांतून घ्यावा. नंतर शेंदूर तेलांत कालवून क्राउनाच्या कांहीं दांतांस लावावा आणि चक्र फिरवावें. दांत दांतास जेथें लागतो तेथील शेंदूर पुसला जातो व एक डाग उमटतो. डाग दांताच्या मध्याशीं असेल तर संसार ठीक चालला आहे. तो कडेला, शेंड्याला किंवा मुळाशीं गेला असेल, तर पिनियन अगर क्राउन आपल्या जागेवरून सरकला आहे. शेंदरांत शिसें असतें, सबब काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीस लावूं नयेत. हल्लीं यासाठीं निराळा निळा रंगही मिळतो.

यानंतर क्राउनाच्या दोन बाजूंच्या बेअरिंगांवरील लोखंडी टोप्या. येथें मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझ्या उमेदवारीचे दिवस होते. उसाचा हंगाम भरांत आला होता. गाडीचा मालक स्वतःच ती चालवीत असे, आणि कर्जाचा हप्ता त्याच्या डोक्यावर होता. तो शेडीच्या दारांत बसून होता, म्हणून मी घाई करीत होतों. दोन्ही टोप्या काढल्या आणि एकाच घमेल्यांत टाकल्या. दिसावयास त्या अगदीं सारख्या. जोडतांना डावी उजवीकडे गेली आणि उजवी डावीकडे. मला त्याचा पत्ताही नव्हता. बोल्ट आवळले, तेल भरलें, गाडी गेली.

वस्तुतः या टोप्या कारखान्यांत आपापल्या बैठकीवर आवळूनच आंतून कांतलेल्या असतात. दोहोंची मिळून एक अचूक वर्तुळाकार पोकळी होते. टोपी बदलली कीं तें वर्तुळ केसाएवढें मोडतें, आणि तेवढा केस बेअरिंगास पुरतो. चौथ्या रात्रीं, ऊस भरलेली ती गाडी घाट चढत असतां बेअरिंग जळून फुटलें, क्राउन सरकला, आणि पिनियनाचे दांत मोडले. जोर तुटला आणि गाडी मागें येऊं लागली. ब्रेक लागले व किन्नरानें उडी टाकून चाकामागें दगड दिला, म्हणून निभावलें. दोन दिवस ऊस रस्त्याच्या कडेला उन्हांत वाळत राहिला. वाळलेल्या उसाचें वजन घटतें, आणि कांट्यावर पैसे वजनाचेच मिळतात.

मालक आला तो भांडावयास आला असेल असें मला वाटलें. तो एवढेंच म्हणाला, “मिस्त्री, गाडी तुमच्यावर सोंपवून मी निर्धास्त निजलों होतों हो.” तें वाक्य मी उस्तादांच्या मागें उभा राहून ऐकलें. उस्ताद मला रागावले नाहींत. त्यांनीं तो संच पुन्हां माझ्याकडूनच उकलविला. टोपी सोडण्यापूर्वीं त्यांनीं माझ्या हातांत पंच दिला आणि म्हणाले, “लेकरा, डाव्या टोपीवर एक टिंब आणि तिच्या बैठकीवर एक टिंब. उजवीवर दोन आणि दोन. मग पाना.” तेव्हांपासून एक टिंब आणि दोन टिंबें ही माझी बाराखडी झाली आहे.

क्राउन व पिनियन यांचेंही असेंच आहे. ते कारखान्यांत एकमेकांवर घासून जोडीनेंच तयार होतात, आणि जोडीचा क्रमांक दोघांवर कोरलेला असतो. दांतांची संख्याही विचारपूर्वक निवडतात. ६ व ४१ यांस सामाईक भाजक नाहीं. त्यामुळें क्राउनाच्या सहा फेऱ्यांत पिनियनाचा प्रत्येक दांत क्राउनाच्या प्रत्येक दांतास एकदां भेटून येतो. लाखों किलोमीटरांत ही ओळख किती मुरत असेल याची कल्पना करावी. म्हणून दोहोंपैकीं एकच दांत तुटला तरी जोडी बदलावी. पैसे वांचविण्यासाठीं जुन्या क्राउनाशीं दुसरा पिनियन घातला, तर ते दोघे मिळून मालकाचे पैसे खातात.

पिनियन काढतांना त्यामागें पातळ पत्र्याच्या चकत्या निघतात. त्यांस शिम म्हणतात. त्यांची जाडी मोजून, त्या एकत्र ओंवून, तारेनें बांधून, वर चिठ्ठी लावावी. क्राउनाच्या दोन बाजूंच्या फिरत्या रिंगा किती आटे सोडल्या तेंही लिहावें. क्रॉसवरच्या चार चक्रांचे वॉशर ज्याचे त्याच्यापाशीं ठेवावे. सर्व भाग डिझेलांत अगर घासलेटांत धुवावे. पण बेअरिंग धुतल्यावर हवेच्या नळीनें गरगर फिरविण्याचा खेळ करूं नये. तेलाशिवाय त्या वेगानें तें फुटतें व त्याचे रूळ गोळीसारखे उडतात. रूळ उजेडांत फिरवून पाहावे. खड्डे दिसले अगर तापून निळी झांक आली असेल तर दया करूं नये. पुन्हां तेल भरावयाचें तें त्या आंसास सांगितलेलेंच भरावें, कारण ज्या रचनेंत पिनियन क्राउनाच्या मध्याखालीं बसवितात, तिच्यांत दांत एकमेकांवर सरकतही जातात, आणि साधें तेल तेथें टिकत नाहीं.

शेवटीं एक अगदीं क्षुल्लक वाटणारी गोष्ट. हौसिंगाच्या माथ्यावर हवा खेळण्यासाठीं एक लहान भोंक व त्यावर टोपण असतें. उसाच्या फडांतून आलेल्या गाडीचें हें भोंक चिखलानें बुजतें. आंतलें तेल तापतें, हवा फुगते, तिला वाट सांपडत नाहीं, आणि ती तेलाचें सील ढकलून बाहेर पडते. मग नवें सील घालतात, तेंही गळतें, पुन्हां घालतात. तारेच्या एका तुकड्यानें भोंक मोकळें केलें असतें तर काम झालें असतें. आंस उकलला असतां हें भोंक पाहिल्याशिवाय तो जोडूं नये.

श्रोतेहो, इतक्या तपशिलांत शिरण्याचें कारण सांगून संपवितों. मागच्या दोन एक्सलांपैकीं एक जरी तुटला, तरी डिफरन्शियलाच्या स्वभावामुळें दुसऱ्यासही जोर मिळत नाहीं. चढावर गाडी अडते एवढेंच नव्हे. उतारावर इंजिन गाडीला मागें धरून ठेवतें, तो आधारही त्याच क्षणीं नाहींसा होतो. तुळजापुराहून सोलापुराकडे घाट उतरणाऱ्या भरल्या गाडीस मग केवळ ब्रेकांचाच भरंवसा उरतो, आणि त्याच वाटेच्या कडेनें आपलीं माणसें पायीं चाललेलीं असतात. त्यांना क्राउन ठाऊक नसतो आणि पिनियनही ठाऊक नसतो. कोणीतरी टोपीवर वेळेवर टिंब दिलें होतें, एवढ्यावर त्यांची ती रात्र सुखरूप जाते.

म्हणून शेडींतील तरुण मित्रांस माझी विनंती आहे कीं पान्याच्या पेटींत एक वही, एक पेन्सिल आणि एक पंच ठेवावा. आणि गाडीच्या मालकांस विनंती आहे कीं मिस्त्री टिंबें देत बसला असेल तेव्हां त्याला घाई करूं नये.